जपमाळेत मन लागत नाही, म्हणजे माझी भक्ती खोटी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही वसईच्या, वय ३४, दोन लहान मुलं, नोकरी अंधेरीला. सकाळी गाडीत जपमाळ हातात घेता, पण भाईंदरच्या पुलावर गाडी येईपर्यंत मन धाकट्याच्या खोकल्यावर, नाहीतर ऑफिसातल्या अर्धवट कामावर गेलेलं असतं. सासूबाई दिवसातून तीनदा जपमाळ करतात आणि दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवार धरून करायच्या मरियामातेच्या प्रार्थनेला, जातात. त्या म्हणतात, तुझी भक्ती वरवरची आहे. नोव्हेनाला शेजारच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं, तुमच्या येत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की कॅथोलिक जीवनात खरी भक्ती म्हणजे नेमकं काय, आणि ती तुमच्यात आहे की नाही.

प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही सासूबाईंबद्दल आणखी एक वाक्य लिहिलंय: ‘दोन महिने आमचं बोलणं कामापुरतंच आहे.’ त्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. मी मात्र त्याकडे शेवटी येणार आहे.

मी २७ वर्षं धर्मगुरू आहे आणि त्यातली बरीच वसईच्याच धर्मग्रामांत गेली. खाली जे प्रसंग सांगतो ते ओट्यावर, वाडीत, चर्चच्या आवारात घडलेले आहेत. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली देताना, लोकांकडून ऐकलेलं त्यात काहीही नाही. ते सांगता येत नाही.

तुम्ही विचारलंय भक्तीबद्दल, पण मला तुमच्या लिहिण्यात दोन वेगळी दुखणी दिसतात. प्रार्थनेत काही जाणवत नाही, हे एक. तुमची भक्ती दुसऱ्याच्या मापानं मोजली जाते, हे दुसरं. दोन्हींचा गुंता झाला की माणूस स्वतःला ढोंगी समजू लागतो. ‘मी ढोंगी आहे का’ असं तुम्ही लिहिलंच आहे. ढोंगी माणसाला हा प्रश्न पडत नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

आता, न पाहता न भेटता मी सगळंच ठामपणे सांगू शकत नाही. प्रार्थनेतला कोरडेपणा निरनिराळ्या कारणांनी येतो आणि कारणाप्रमाणे उत्तर बदलतं. प्रार्थनेबरोबरच जेवण, झोप, मुलांशी खेळणं, आवडीची मालिका, सगळंच बेचव झालं असेल, उगाच रडू येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. नोव्हेना त्याच्या जोडीला करा, त्याच्याऐवजी नको. दुसरं कारण साधं असतं: रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे साडेपाचला उठणं. अशा थकलेल्या डोक्यात काहीच टिकत नाही. तिसरं कारण म्हणजे मनात धरून ठेवलेला राग. आणि कधी कधी यातलं काहीच नसतं. माणूस सगळं नीट करत असतो, तरी देव गप्प वाटतो. तुमचं कुठलं, ते तुम्हीच ओळखा.

आता मूळ प्रश्न. चर्चच्या जुन्या लॅटिन भाषेत भक्तीला ‘देवोसियो’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी नवस बोलणं आहे, स्वतःला वाहून टाकणं आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा अर्थ फार नेमका सांगितला. देवाच्या सेवेचं जे काही असेल त्याला तत्परतेनं हजर होण्याची इच्छा, ती भक्ती. म्हणजे त्यांच्या मते भक्ती हे इच्छेचं काम आहे. आनंद होतो, कधी डोळे भरून येतात, तेही त्यांनी नाकारलेलं नाही. पण ते भक्तीच्या मागून येतं. आलं तर देवाची कृपा, नाही आलं तर भक्तीत उणं काही नाही. आपल्या मराठीत तर भक्त आणि विभक्त हे दोन शब्द कायम समोरासमोर उभे केले जातात. जो तुटून वेगळा राहत नाही तो भक्त. त्यातही रडण्याची अट कुठे नाही.

‘तत्पर’ हा शब्द समजून घ्यायचा तर आपल्या वसईच्याच संत गोन्सालो गार्सियाकडे बघा. दर फेब्रुवारीत आपण त्यांचा सण करतो, पण त्यांच्या आयुष्याचा क्रम फारसा कुणी सांगत नाही. ते पूर्वेकडे व्यापार करत होते. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. १५९३ मध्ये मनिलाहून काही फ्रान्सिस्कन जपानला निघाले, तेव्हा त्यांना जपानी येणारा माणूस हवा होता. गोन्सालोंना ती भाषा येत होती. गेले. दुभाषाचं काम केलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रूसावर मारलं, त्यांत ते होते. प्रार्थनेत त्यांना काय जाणवत असे, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आधी शिकलेली भाषा देवाच्या कामाला लागली आणि ते निघाले, एवढं आपल्यासमोर आहे. माझ्या दृष्टीनं त्यांची भक्ती तिथे दिसते.

आता कोरडेपणाबद्दल. लिझ्यूची संत तेरेझा २४ व्या वर्षी १८९७ मध्ये गेली, आणि पुढे १९९७ मध्ये तिला चर्चची आचार्य, म्हणजे श्रद्धेची अधिकारी शिक्षिका, घोषित केलं. तिनं स्वतः लिहून ठेवलंय की एकटीनं जपमाळ म्हणणं तिला फार जड जायचं, कितीही प्रयत्न केला तरी मन लागत नसे. ध्यानाच्या वेळी तिला झोप लागायची, तीही कित्येक वर्षं. त्यावर ती म्हणते की आईबापांना लेकरू झोपेत असतानाही तेवढंच आवडतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला कळलं की कोलकात्याच्या रस्त्यावरून मरणासन्न माणसं उचलून आणणाऱ्या या बाईला दशकानुदशकं प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. तरीही पहाटे उठून ती पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे चर्चमध्ये ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोर, बसत होती. तुमच्या आणि त्यांच्या अनुभवाची बरोबरी मी करत नाही. पण ‘जाणवत नाही म्हणजे भक्ती नाही’ हा नियम लावला, तर या दोघींनाही बाहेर काढावं लागेल.

गाडीतल्या जपमाळेचं काय करायचं, ते आता सांगतो. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात मन भरकटण्याबद्दल एक फार उपयोगी गोष्ट आहे. भरकटणाऱ्या विचारांच्या मागे लागून त्यांना हाकलत बसलं, तर आपण त्यांच्याच जाळ्यात अडकतो. नुसतं परत वळायचं. शिवाय मन कुठे जातं यावरून आपला जीव कुठे गुंतलाय ते कळतं. तुमचं मन धाकट्याच्या खोकल्यावर जातं ना? मग तो खोकलाच त्या मण्यावर ठेवा. ‘नमो मरिया’ म्हणताना त्याचं नाव घ्या. पुढच्या मण्यावर ऑफिसातली ती फाइल, त्याच्या पुढे डब्यात समोर उभी असलेली, रोज पेंगणारी ती मुलगी. मी लोकांना सांगतो, गाडीत पाचही रहस्यं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाचही भाग, पूर्ण करायचा हट्ट धरू नका. दहा मणी, दहा नावं. बोरिवली येईपर्यंत तेवढंच झालं तरी चालेल. उरलेला वेळ खिडकीबाहेर बघा. पन्नास मणी उरकायच्या घाईत तुम्ही स्टेशनं मोजता, आणि मग अंधेरीला उतरताना अपराधी वाटतं. तो अपराध तुमचा नाही, चुकीच्या हिशेबाचा आहे.

आता सासूबाईंचं माप. इथे मला संत फ्रान्सिस द सेल्स यांची आठवण होते. ते जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंट झालेलं असल्यानं त्यांना आनसीला राहावं लागायचं. नात्यातल्या एका विवाहित बाईला त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाची पत्रं लिहिली, त्यांतून १६०९ मध्ये एक पुस्तक झालं. तोवर असं समजलं जायचं की खरी भक्ती मठात होते, संसारात निभावून न्यायची असते. त्यांनी सांगितलं की कारागिराची भक्ती वेगळी, विधवेची वेगळी, नवऱ्यामुलांच्या बाईची वेगळी. बिशपनं मठवासीयासारखं एकांतात बसायचं ठरवलं, किंवा संसारी माणसानं संन्याशासारखी पैशाची फिकीरच सोडून दिली, तर ती भक्ती हास्यास्पद होईल. ज्या भक्तीनं आपलं नेमून दिलेलं काम बिघडतं, ती भक्ती खोटी, इतकं स्पष्ट त्यांनी लिहिलं.

तुमच्या घरात याचा अर्थ असा. सासूबाईंनी त्यांचा संसार करून झाला आहे. दुपारचे दोन तास त्यांचे आहेत, ते त्या देवाला देतात, ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्याकडे ते दोन तास नाहीत. तुम्ही ते आणायला गेलात तर मुलांच्या अभ्यासातून आणि झोपेतून आणाल. पहाटे उठून चार डबे भरणं हे भक्तीच्या आड येणारं काम नाही. आजच्या दिवसाला देवानं तुम्हाला जिथे बोलावलंय ती जागा तीच. डब्याचं झाकण लावताना ‘प्रभू, हे तुझ्यासाठी’ एवढं मनात म्हटलंत तर ती प्रार्थना झाली. लहान म्हणून तिला हलकी समजू नका.

पण याच श्वासात सांगतो, सासूबाईंच्या भक्तीलाही हलकी समजू नका. तरुणपणी मीच ती चूक केलेली आहे. सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातून, नुकता बाहेर पडलो होतो, डोक्यात ईश्वरविज्ञान भरलेलं. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहतात त्याबद्दल मी एका प्रवचनात कडक बोललो. त्या दिवशी आई पुढच्या बाकावर बसली होती. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, आणि मला एकदम आठवलं. मी आठ वर्षांचा असताना थोरल्या भावाचा पाय मोडला होता. सप्टेंबरच्या जत्रेत आईनं मेणाचा पाय घेतला आणि रांगेत धरायला माझ्या हातात दिला. गर्दी, ऊन, माझा घामट हात. वेदीपाशी पोचेपर्यंत त्या पायाचा अंगठा मऊ पडून वाकडा झाला. मी रडकुंडीला आलो. आई म्हणाली, ‘असू दे, मायला कळतंय कुणाचा पाय आहे तो.’ त्यानंतर पाच महिने ती रोज भावाला खांद्याचा आधार देऊन अंगणात दहा फेऱ्या चालवायची. तिनं मेण देऊन पाय विकत घेतला नव्हता. जे तिच्यानं होणार नव्हतं ते मरियामातेच्या हाती दिलं आणि जे होणार होतं ते स्वतः केलं. मी प्रवचनात ज्यावर टीका केली, ते माझ्या आईच्या हातून कधी घडलंच नव्हतं.

टीका करण्यासारखं काही घडतच नाही, असं मात्र नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेनं, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी चर्चविषयीची घटना, म्हणजे मूलभूत दस्तऐवज, जाहीर केली. तिच्यात मरियामातेच्या खऱ्या भक्तीबद्दल सांगितलंय की ती क्षणभराच्या निष्फळ भावनेत नसते आणि भाबड्या समजुतीतही नसते. ती खऱ्या श्रद्धेतून येते, आणि आईवर लेकराचं जसं प्रेम असतं तशी तिच्या गुणांचं अनुकरण करायला लावते. माझ्या कामात मला हे माप फार उपयोगी पडलं आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंची चूक दाखवली आहे: नुसतं रडणं, आणि नुसता तोडगा.

तोडग्याचं एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई चर्चच्या आवारात भेटल्या. भावाशी वाडीच्या जमिनीवरून दावा चालू होता. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून अशी घरं किती आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, ‘फादर, नऊ बुधवार धरलेत, आज सातवा. निकाल माझ्या बाजूनं लागावा म्हणून आशीर्वाद द्या.’ हातातल्या पुस्तिकेची पानं वापरून पिवळी पडली होती. उपवास कडक, एकही बुधवार चुकलेला नाही. मी म्हटलं, ‘आशीर्वाद देतो. फक्त उरलेल्या दोन बुधवारी नोव्हेनात भावाचं नाव घ्या, त्याचं भलं मागा.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तिका पर्समध्ये टाकली आणि निघून गेल्या. पुढे माझी बदली झाली. दाव्याचं काय झालं, मला कळलं नाही. त्यांना न्याय मागायचा हक्क होता, जमीन कदाचित त्यांचीच असेल. पण सात बुधवार मरियामातेसमोर उभं राहून ज्या भावाचं नावही तोंडात येत नाही, तिथे मला काळजी वाटते. फ्रान्सिस द सेल्स यांनी हेच चारशे वर्षांपूर्वी लिहिलं: एखादा माणूस उपवास करतो म्हणून स्वतःला भक्त समजतो आणि मनात द्वेष भरलेला असतो, मद्याचा थेंब जिभेवर घेत नाही, पण त्याच जिभेनं शेजाऱ्याची अब्रू घेतो.

‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर वाईट होईल’ असे जे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, ते सरळ पुसून टाका. चर्चचा त्याच्याशी काही संबंध नाही. येशूची आई कुणाला धमकावत नाही.

आणि एक गोष्ट सासूबाईंनाच नाही, सगळ्यांनाच लागू आहे. नोव्हेना, जपमाळ, क्रूसाची वाट, पहिले शुक्रवार या सगळ्या वाटा मिस्साकडे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेकडे, नेणाऱ्या आहेत. परिषदेनं उपासनेला चर्चच्या जीवनाचं शिखर आणि उगम म्हटलंय ते उगाच नाही. बुधवारी माहीमला उभं राहायला जागा नसते. १९४८ पासून ही नोव्हेना चालू आहे आणि सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण रविवारी मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेऊन तसेच दाराबाहेर पडणारे पाहिले की वाईट वाटतं. तुम्हाला आठवड्यात एकाच गोष्टीला नीट वेळ देता येत असेल, तर रविवारची मिस्सा धरा. शनिवारी रात्री मुलांना घेऊन दुसऱ्या दिवसाचं शुभवर्तमान एकदा मोठ्यानं वाचा, पाच मिनिटं लागतात. मग मिस्सात ते कानावर पडतं तेव्हा ओळखीचं वाटतं. हे मी अनेक घरांत करून पाहिलंय. मुलं आधी शिकतात, मोठे नंतर.

तर इथवरचं सांगायचं तर: भावना नसेल तरी भक्ती असू शकते, तुमची भक्ती तुमच्याच संसारातून उभी राहणार, आणि ती खरी आहे की नाही हे प्रार्थना संपल्यावर तुम्ही कुणाच्या हाकेला उठता त्यावरून बघायचं. आता ते शेवटचं वाक्य.

दोन महिन्यांचा अबोला. मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट बघा, ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध’ असं तो म्हणत नाही. चूक कुणाची, हा प्रश्नच तिथे नाही. जो वेदीपाशी उभा आहे, त्यानं निघायचं. प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणून हे तुम्हाला सांगतोय. सासूबाईंनी विचारलं असतं तर त्यांना सांगितलं असतं. त्यांनी अपमान केला असेल, तर तो गिळा असं मी म्हणत नाही. ‘तुम्ही वरवरची म्हणालात ते मला लागलं’ हे शांतपणे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण भक्ती कुणाची खरी, यावर वाद घालू नका. त्या वादात दोघीही हराल.

त्याऐवजी एक करून बघा. त्या पहिल्यांदा माहीमला कशासाठी गेल्या होत्या, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? माझा अनुभव असा आहे की वर्षानुवर्षं चालणाऱ्या प्रत्येक नोव्हेनामागे एक पहिला बुधवार असतो. कुणाचं लेकरू तापानं फणफणलेलं असतं, कुणाच्या नवऱ्याचा १९८२ च्या संपात गिरणीतला रोजगार गेलेला असतो, कुणाला सासरी बोलायला कुणीच नसतं. घरातल्या माणसांना तो बुधवार बहुधा माहीत नसतो, कारण कुणी विचारलेलं नसतं. एखाद्या बुधवारी रजा मिळत असेल तर त्यांच्याबरोबर जा. खिडकीची जागा त्यांना द्या. जपमाळ त्यांच्याच चालीनं म्हणू द्या, तुमचं मन भरकटलं तर भरकटू दे. येताना गाडीत विचारा. आणि त्या जे सांगतील ते जमलं तर मला कळवा, त्या दिवशीच्या मिस्सात मी तुमच्या दोघींची नावं घेईन.